पॅकेज मॅनेजर मागतो तरी काय?

रस्ट भाषेत काम करणारा प्रोग्रामर टर्मिनलवर ‘कार्गो बिल्ड’ एवढेच टाइप करून एंटर दाबतो. पडद्यावर नावांची रांग सरकू लागते. हे उतरवले, ते कंपाइल झाले. त्याने स्वतः लिहिलेल्या असतात जेमतेम शंभर ओळी, पण त्या ज्यांच्या आधाराने उभ्या असतात ते कितीतरी कोडसंच जगभरातल्या अनोळखी माणसांनी लिहिलेले असतात. कोणता संच हवा, त्याची कोणती आवृत्ती, त्या संचाला आणखी कोणाची गरज, दोन संचांना तिसऱ्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असतील तर तोड काय, हा सगळा हिशेब कार्गो सोडवतो. मग तो माल नेटवरून आणतो, वाटेत त्यात फेरफार झाला नाही ना हे तपासतो आणि योग्य क्रमाने कंपायलरच्या हाती देतो.

कार्गो हा रस्टचा पॅकेज मॅनेजर. पर्लसाठी 1995 मध्ये सीपॅन उभे राहिले, रुबीला 2004 मध्ये जेम्स मिळाले, पायथनला 2008 मध्ये पिप आणि नोडला 2010 मध्ये एनपीएम. येहुदा कॅट्झ आणि कार्ल लर्श यांनी लिहिलेला कार्गो 2014 मध्ये लोकांसमोर आला. आज भाषा शिकताना व्याकरणाआधी पॅकेज मॅनेजर शिकवतात, इतका तो अंगवळणी पडला आहे. लिनक्स, विंडोज किंवा मॅकवर तो कसा चालतो याचा विचार करण्याची वेळच येत नाही.

ती वेळ येते ती एखाद्या हौशी ऑपरेटिंग सिस्टिमवर. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या बाजारी गरजेशिवाय, केवळ हौसेने आणि शिकण्याच्या ओढीने लिहिलेल्या अशा सिस्टिम जगात बऱ्याच आहेत. स्वीडनच्या आंद्रेयास क्लिंग यांनी 2018 मध्ये व्यसनातून बाहेर पडल्यावर मन गुंतवण्यासाठी सेरेनिटी ओएस लिहायला घेतली. बीओएस बनवणारी बी कंपनी 2001 मध्ये विकली गेली, तेव्हा तिच्या चाहत्यांनी तीच सिस्टिम नव्याने लिहायची ठरवली. ती पुढे हायकू या नावाने नांदली. जेरेमी सोलर यांनी 2015 मध्ये सुरू केलेली रेडॉक्स तर जवळपास पूर्ण रस्टमध्येच आहे. या सिस्टिमना कर्नल (यंत्र हाताळणारा गाभा) असतो, खिडक्या असतात, माउस हलतो, एखादा खेळही चालतो. नसते ते सॉफ्टवेअर. आणि आजचे बहुतेक सॉफ्टवेअर पॅकेज मॅनेजरच्या दारातूनच आत येते.

पांढुर्णा जिल्ह्यातले जामसांवली हे गाव ज्या सौंसर तालुक्यात आहे, तिथल्या माणसाला ही अडचण पटकन कळेल. नागपूर-छिंदवाडा रेल्वे 2015 पर्यंत नॅरोगेज होती आणि सौंसर, रामाकोना ही स्टेशने त्याच रुळांवर होती. दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर. देशाच्या मुख्य मार्गांवर तेच अंतर 1676 मिलिमीटर. डबा कितीही चांगला असला तरी एका गेजवरचा दुसऱ्या गेजवर चालणार नाही. माल उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत चढवायचा. हौशी सिस्टिमवर सॉफ्टवेअर आणण्याचेही असेच दोन मार्ग आहेत. एक, प्रत्येक प्रोग्राम हाताने उतरवून चढवायचा, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळी स्क्रिप्ट लिहायची आणि वेगळी ठिगळे लावायची. सेरेनिटीच्या पोर्ट्स विभागात नेमके हेच केले जाते. दुसरा मार्ग गेजबदलाचा: जगातला पॅकेज मॅनेजर जी मापे गृहीत धरतो, ती सगळी आपल्या सिस्टिमने पुरवायची. हे काम पहिल्यापेक्षा कितीतरी मोठे आहे, पण एकदा झाले की एकेका डब्यासाठी हमाली करावी लागत नाही.

ही मापे कोणती, हे समजून घ्यायला मी सर्वांत लहान सिस्टिम निवडतो, कारण तिच्यातली प्रत्येक उणीव स्पष्ट दिसते. ती म्हणजे एक्सव्ही-6. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या 1975 च्या युनिक्स सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर एमआयटीच्या प्राध्यापकांनी ती 2006 मध्ये शिकवण्यासाठी लिहिली. महाराष्ट्रात ती नवखी नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. मैथिली वुतुकुरू यांच्या ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी तिच्यावरच हात चालवतात, आणि त्या अभ्यासक्रमाची व्याख्याने कोणालाही मोफत पाहता येतात. सगळी सिस्टिम दहा हजार ओळींच्या आत बसते. जामसांवलीत बसलेला विद्यार्थीही क्यूइमू नावाचा मोफत प्रोग्राम टाकून जुन्या लॅपटॉपच्या आत ती चालवू शकतो. वेगळे यंत्र लागत नाही.

एक्सव्ही-6 मध्ये सिस्टिम कॉल आहेत 21. प्रोग्रामने कर्नलकडे काही मागायचे तर या 21 खिडक्यांतूनच मागायचे: फाइल उघडा, वाचा, लिहा, नवी प्रक्रिया जन्माला घाला, पाइप जोडा, एवढेच. समजा, या सिस्टिमवर कार्गो आणायचा आहे. सुरुवातीलाच काय घडेल?

पहिली भिंत फाइलच्या आकाराची. एक्सव्ही-6 च्या नव्या, रिस्क-फाइव्ह आवृत्तीत एका फाइलचे पत्ते दोन प्रकारे नोंदवतात. 12 ब्लॉकचे पत्ते थेट, आणि आणखी 256 ब्लॉकचे पत्ते एका मधल्या ब्लॉकमध्ये. ब्लॉक 1 किलोबाइटचा. म्हणजे जास्तीत जास्त फाइल 268 किलोबाइट. जुन्या इंटेल आवृत्तीत तर ती 70 किलोबाइटच होती. कार्गोचा स्वतःचा प्रोग्राम कित्येक मेगाबाइटांचा असतो. तो चालवणे दूरच, डिस्कवर ठेवताही येत नाही.

दुसरी भिंत नावाची, आणि ती जास्त घातक आहे. एक्सव्ही-6 मध्ये फाइलचे नाव 14 अक्षरांपर्यंतच जपले जाते. त्यापुढची अक्षरे सिस्टिम गुपचूप कापून टाकते, तक्रार करत नाही. आता रस्टच्या कोडसंचांच्या भांडारात वास्म-बाइंडजेन-मॅक्रो आणि वास्म-बाइंडजेन-मॅक्रो-सपोर्ट हे दोन वेगवेगळे संच आहेत. रोमन लिपीत, जोडरेघा धरून मोजले तर दोघांच्या नावातली पहिली 14 अक्षरे तंतोतंत सारखी आहेत. एक्सव्ही-6 च्या दृष्टीने ही एकच फाइल. दुसरा संच उतरवताना पहिला पुसला जाईल आणि कंपायलर भलत्याच ओळीवर भलतीच चूक दाखवेल. कर्नलमधला एक आकडा, आणि त्याची शिक्षा मिळते चार मजले वर बसलेल्या प्रोग्रामरला.

पुढची भिंत प्रोग्राम सुरू करण्याची. एक्सव्ही-6 मध्ये नव्या प्रोग्रामला फार तर 32 आर्ग्युमेंट देता येतात, आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हा प्रकारच नाही. कार्गो तर कंपायलरला हाक मारताना संचाचे नाव, आवृत्ती, मधला माल ठेवण्याची जागा हे सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगतो. त्याशिवाय सिम्बॉलिक लिंक नाही, फाइलचे नाव बदलण्याचा कॉल नाही, फाइलच्या मधल्या जागी उडी मारण्याचा कॉल नाही, मेमरीत फाइल जोडून वाचण्याची सोय नाही, नेटवर्क नाही. घड्याळही नाही, यंत्र सुरू झाल्यापासून किती टिक झाले एवढेच कळते, आज तारीख काय ते कळत नाही.

मला या यादीत एक गोष्ट फार मोलाची वाटते. एमआयटीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना एक्सव्ही-6 वर जे प्रयोग करायला दिले जातात, त्यांत मोठ्या फाइलींसाठी दुहेरी पत्ते (त्याने मर्यादा 65,803 ब्लॉकवर, म्हणजे सुमारे 64 मेगाबाइटवर जाते), सिम्बॉलिक लिंक, फाइल मेमरीत जोडणे आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर हे सगळे आहे. परीक्षेचे सुटे धडे म्हणून जे शिकवतात, तीच पॅकेज मॅनेजरची मागणीपत्रिका आहे. चार वेगळे प्रयोग करून चार गुण मिळवण्यापेक्षा एकच ध्येय समोर ठेवले, की या सिस्टिमने एक खरा संच नेटवरून आणून कंपाइल करून दाखवावा, तर प्रत्येक धड्याला कारण मिळते. आमच्या इंजिनिअरिंग महाविद्यालयांत अंतिम वर्षाच्या प्रकल्पांसाठी हजेरीचे अ‍ॅप आणि ग्रंथालयाची नोंदवही हेच विषय वर्षानुवर्षे फिरत राहतात. त्याऐवजी चार विद्यार्थ्यांनी मिळून हे काम घ्यावे असे मला मनापासून वाटते. ते अपुरे राहिले तरी शिकणे अपुरे राहणार नाही.

एक्सव्ही-6 सोडून रेडॉक्स किंवा हायकूसारख्या वाढलेल्या सिस्टिमकडे गेले की ढोबळ भिंती संपतात आणि बारीक, फसव्या अडचणी सुरू होतात. त्यांतली एक घड्याळाची. कार्गो भांडाराशी बोलतो ते सुरक्षित जोडणीवरून. समोरचा सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो आणि त्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध’ असे लिहिलेले असते. नव्या सिस्टिमने यंत्राच्या आतले घड्याळ वाचलेच नाही तर तिच्या लेखी आज 1 जानेवारी 1970 असते. त्या दिवशी आजचे एकही प्रमाणपत्र सुरू झालेले नाही. जोडणी नाकारली जाते, आणि बिचारा पोर्ट करणारा, म्हणजे परके सॉफ्टवेअर आपल्या सिस्टिमवर आणणारा, नेटवर्क ड्रायव्हरमध्ये दोष शोधत रात्र घालवतो.

घड्याळ दुसरीकडेही नडते. आपण कोड बदलला की कार्गो सगळे पुन्हा कंपाइल करत नाही; फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ पाहून जेवढे लागेल तेवढेच करतो. फाइल सिस्टिम ती वेळ नोंदवत नसेल, नेहमी शून्यच सांगत असेल, तर कार्गोला वाटते की काहीच बदललेले नाही. तुम्ही चूक दुरुस्त करता, पुन्हा चालवता, आणि जुनाच प्रोग्राम चालतो.

सुरक्षित जोडणीला आणखी दोन गोष्टी लागतात. एक, विश्वासाच्या मूळ प्रमाणपत्रांचा संच डिस्कवर असला पाहिजे. दोन, खरोखर अनिश्चित आकडे कोठून तरी मिळाले पाहिजेत. रस्टमध्ये असे आकडे कर्नलकडून घेण्याचे काम गेट-रँडम नावाचा छोटा संच करतो. त्याच्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळा कोड आहे, आणि ओळखीची सिस्टिम नसेल तर तो कंपाइल होण्यासच नकार देतो. हा हट्ट मला योग्य वाटतो. अंदाज बांधता येतील असे आकडे देऊन तो मुकाट्याने चालत राहिला असता, तर त्यावर उभी राहिलेली प्रत्येक किल्ली पोकळ ठरली असती.

इथेच पोर्टिंगमधल्या मोठ्या मोहाबद्दल बोलले पाहिजे. एखादी लायब्ररी असा सिस्टिम कॉल मागते जो आपल्याकडे नाही. तो खरोखर लिहायला महिना लागेल. सोपा उपाय असा की त्या नावाचे एक रिकामे फंक्शन लिहायचे आणि काही न करता ‘काम झाले’ असे उत्तर द्यायचे. कंपायलर खूश, लिंकर खूश, प्रोग्राम सुरू. फाइलला कुलूप लावण्याच्या कॉलचे उदाहरण घ्या. एकाच वेळी दोन कार्गो चालू झाले तर दोघांनी एकाच साठ्यात एकदम लिहू नये म्हणून कार्गो त्या फाइलला कुलूप लावतो. कुलूप लावण्याची सोयच नाही असे सिस्टिमने प्रामाणिकपणे कळवले, तर ते उत्तर कार्गोला समजते. कुलुपाशिवाय पुढे जाण्याची वाट त्याच्या कोडमध्ये आहे. पण सिस्टिम खोटेच ‘लावले’ म्हणाली तर कार्गोसह तिच्यावरचा प्रत्येक प्रोग्राम निश्चिंत होतो, आणि डेटाबेससारखा एखादा प्रोग्राम, ज्याने कुलूप नाही कळल्यावर थांबणेच पसंत केले असते, तो पुढे जाऊन माहिती खराब करतो. ‘जमत नाही’ हे खरे उत्तर देणारी सिस्टिम सगळ्याला ‘हो’ म्हणणाऱ्या सिस्टिमपेक्षा जास्त भरवशाची असते. आणि खोटे ‘हो’ लिहिणारा माणूस दोन वर्षांनी प्रकल्प सोडून गेलेला असतो; दोष शोधणारा वेगळाच असतो.

रस्टच्या बाबतीत एक अट खास आहे. त्यात प्रोसीजरल मॅक्रो नावाची सोय आहे; म्हणजे कोड लिहून देणारा कोड. जवळपास प्रत्येक मोठ्या प्रकल्पात लागणारा सर्डी हा संच तिचा भरपूर वापर करतो. हे मॅक्रो आधी स्वतः कंपाइल होतात आणि मग चालू असलेल्या कंपायलरच्या आत लायब्ररी म्हणून जोडले जातात. चालत्या प्रोग्रामला बाहेरून लायब्ररी जोडणे, म्हणजे डायनॅमिक लिंकिंग, ही सोय सिस्टिमने दिलीच पाहिजे. रेडॉक्समध्ये सुरुवातीची अनेक वर्षे सगळे प्रोग्राम स्थिर पद्धतीने, स्वतःत सगळे बांधून घेऊन चालत. रस्टमध्ये लिहिलेली सिस्टिम असूनही रस्टचा कंपायलर तिच्यावर सहज नांदू शकला नाही, यामागे हे एक महत्त्वाचे कारण. रेडॉक्ससाठीचे प्रोग्राम लिनक्सवर बसून, दुसऱ्या यंत्रासाठी कोड तयार करणाऱ्या कंपायलरने बनवले जात आणि मग तयार माल तिच्या डिस्कवर नेला जाई.

सगळ्या भाषांचा त्रास सारखा नसतो. ब्राझीलमध्ये 1993 मध्ये जन्मलेली लुआ शुद्ध सी भाषेत लिहिलेली आणि अगदी आटोपशीर आहे. तिचा पॅकेज मॅनेजर लुआरॉक्स स्वतः लुआमध्ये आहे आणि फाइल उतरवणे, झिप उघडणे अशी कामे सिस्टिमवरच्या लहान प्रोग्रामांकडून करून घेतो. नव्या सिस्टिमवर पहिला पॅकेज मॅनेजर म्हणून मी डोळे मिटून याची शिफारस करीन. नोड मात्र जड. त्याच्या पोटात व्ही-एट हे इंजिन आहे, ते चालता चालता यंत्रभाषेतला कोड तयार करते आणि त्यासाठी मेमरीचे बारीक हक्क मागते.

पायथनचा मामला फसवा आहे. पिप शुद्ध पायथनमध्ये आहे, म्हणून पायथन चालला की पिपही चालतो. पण त्यातून मिळते काय? नमपायसारखे उपयोगी संच भांडारात तयार, कंपाइल केलेल्या स्वरूपात ठेवलेले असतात, आणि प्रत्येकावर हा लिनक्ससाठी, हा विंडोजसाठी अशी खूण असते. हौशी सिस्टिमच्या खुणेचा माल तिथे नसतो. मग पिप मूळ कोड आणतो आणि सी कंपायलर मागतो, कधी फोरट्रान मागतो.

फेब्रुवारी 2021 मध्ये तर नवीच गंमत झाली, आणि ती अनेकांना सोसावी लागली. पायथनच्या क्रिप्टोग्राफी या संचाने 3.4 या आवृत्तीपासून आपला काही भाग रस्टमध्ये लिहिला. निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीने बरोबर होता; मेमरीच्या चुकांमुळे अशाच संचांत भगदाडे पडतात. पण ज्या लहान सिस्टिमवर आणि जुन्या प्रोसेसरांवर पायथन सुखाने चालत होते आणि रस्ट नव्हते, तिथे एका रात्रीत ‘पिप इन्स्टॉल’ बंद पडले. पायथन पोर्ट केल्याचे समाधान मानणाऱ्यांना कळले की आता रस्टही पोर्ट करायला हवे. एका भाषेचा पॅकेज मॅनेजर आणला की त्याच्या मागून दुसऱ्या भाषेचा कंपायलर येऊन उभा राहतो.

हायकूची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत शिकवणारी वाटते, कारण तिथे अडचण उणिवेची नाही, वेगळ्या विचाराची आहे. सी भाषेचे मानक सांगते की चुकांचे क्रमांक धन असावेत. बीओएसकडून आलेल्या वारशामुळे हायकूत ते ऋण आहेत. ‘परत आलेला आकडा शून्यापेक्षा लहान असेल तर’ अशा ओळी, किंवा चुकांच्या क्रमांकाला उणे चिन्ह लावून परत पाठवण्याची लिनक्सवरची सवय, हायकूवर उलटी पडते. गणिताची फंक्शने लिनक्सवर वेगळ्या लायब्ररीत असतात, हायकूवर ती मूळ लायब्ररीतच आहेत. म्हणून बिल्ड स्क्रिप्टने ती वेगळी मागितली की लिंकर अडतो. नेटवर्कची फंक्शने मात्र वेगळ्या लायब्ररीत. हे सगळे दुरुस्त करणे अवघड नाही, पण ज्याने दुरुस्त करायचे त्याला दोन्ही घरांच्या चालीरीती ठाऊक हव्यात.

शिवाय हायकूचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर आहे, 2013 पासून, आणि इंगो वाइनहोल्ड व ऑलिव्हर टाप्पे यांनी रचलेली त्याची कल्पना सुंदर आहे. पॅकेज उलगडून फाइली इकडेतिकडे पसरवायच्याच नाहीत. पॅकेज बंदच ठेवायचे आणि फाइल सिस्टिमनेच ते आतून उघडे असल्यासारखे दाखवायचे. काढून टाकायचे तर ती एकच फाइल हलवली की झाले, मागे कचरा राहत नाही. पण याचा अर्थ सिस्टिमचे फोल्डर केवळ वाचण्यापुरते. तिथे पिप जाऊन लिहायला लागला तर त्याला दारातच अडवतात. त्याच्यासारख्यांसाठी ‘नॉन-पॅकेज्ड’ नावाची वेगळी जागा ठेवली आहे. भाषेचा पॅकेज मॅनेजर आणि सिस्टिमचा पॅकेज मॅनेजर यांची ही जुनी कुरबूर आहे. डेबियन लिनक्सनेही जून 2023 च्या 12 व्या आवृत्तीपासून पिपला सिस्टिमच्या पायथनमध्ये हात घालू देणे थांबवले. हायकूने ती सीमा दहा वर्षे आधी आखली होती.

पोर्ट एकदा चालला की काम संपले असे नाही. जीएनयूच्या जुन्या बिल्ड पद्धतीत ओळखीच्या सिस्टिमांची यादी असलेली एक स्क्रिप्ट हजारो प्रकल्पांत नक्कल होऊन बसली आहे. आपल्या सिस्टिमचे नाव तिच्यात नसेल तर बिल्ड पहिल्याच पायरीवर थांबते. रस्टमध्ये हेच काम लिब-सी नावाच्या संचात करावे लागते: आपल्या सिस्टिमवर फाइलच्या माहितीची रचना कशी, कोणता रकाना किती बाइटचा, कोणत्या चुकीचा क्रमांक कोणता, हे सगळे तिथे लिहून द्यायचे आणि त्या प्रकल्पाच्या राखणदारांकडून मान्य करून घ्यायचे. एक रकाना चार बाइटांऐवजी आठचा लिहिला तरी सगळे कंपाइल होते, आणि फाइलचा आकार म्हणून भलताच आकडा हाती येतो.

रस्ट आपल्या सिस्टिमांना तीन पायऱ्यांवर बसवते. पहिल्या पायरीवर प्रत्येक बदल तपासला जातो, दुसरीवर निदान तो बांधला जाईल याची हमी असते, तिसरीवर कोड ठेवला जातो पण हमी काही नाही. रेडॉक्स दुसऱ्या पायरीवर आहे, हायकू तिसऱ्या. राखणारे कोणी उरले नाही तर सिस्टिम यादीतून जातेही. क्लाउड-एबीआय नावाची एक कल्पक व्यवस्था होती. तिच्या कर्त्यानेच ती बाजूला ठेवल्यावर 2020 मध्ये रस्टच्या मानक लायब्ररीतून तिचा कोड काढला गेला. त्यात कोणाचा दोष नव्हता. जो कोड कोणी चालवून पाहत नाही, तो बरोबर आहे की नाही हे कोण सांगणार? म्हणून पोर्ट करायला घेणाऱ्याने आपल्या घरच्या प्रतीत ठिगळे साठवत बसू नये. प्रत्येक ठिगळ मूळ प्रकल्पाकडे लवकर पाठवावे आणि आपल्या पाठीमागे काम पाहणारा आणखी एक जण तयार करावा.

सुदैवाने काही गोष्टी सोप्याही होत आहेत. कार्गो पूर्वी भांडाराची संपूर्ण सूची गिटमधून उतरवून घेई; म्हणजे नव्या सिस्टिमवर गिटची लायब्ररी चालणे भाग होते, आणि मंद जोडणीवर ती सूची उतरताना जीव मेटाकुटीला येई. 2023 मध्ये 1.70 या आवृत्तीपासून कार्गो फक्त लागणाऱ्या संचांच्या नोंदी साध्या वेब पद्धतीने मागवतो. नेटसुद्धा नसेल तर लिनक्सवर सगळे संच एका फोल्डरमध्ये गोळा करून ते फोल्डर डिस्कवर नेता येते आणि कार्गोला ‘बाहेर जाऊ नकोस’ असे सांगता येते. पोर्ट करणाऱ्याने याच क्रमाने चालावे: आधी कार्गोने आपली आवृत्ती छापून दाखवावी, मग एकाही परक्या संचाशिवायचा प्रोग्राम बांधावा, मग नेलेल्या फोल्डरमधले संच, आणि नेटवर्क सर्वांत शेवटी.

आणि मराठी माणसाने या मार्गाने सर्वांत आधी काय आणावे, याचे माझे उत्तर पक्के आहे: अक्षरे जोडणारे इंजिन. बहुतेक हौशी सिस्टिम एका कोडसाठी एक चित्र काढून पुढे सरकतात. रोमन लिपीचे त्यावर भागते, आपले भागत नाही. ‘पांढुर्णा जिल्हा’ एवढे दोन शब्द घ्या. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला आणि जामसांवली ज्यात येते तो हा जिल्हा. मेमरीत र, हलन्त, ण आणि काना या क्रमाने असतात, पण पडद्यावर र चा रफार होऊन तो णा च्या डोक्यावर चढला पाहिजे. जि मधली पहिली वेलांटी मेमरीत ज च्या नंतर असते, दिसायला हवी आधी. ल आणि ह चे जोडाक्षर व्हायला हवे. यासाठी लागणारे नियम हार्फबझ या इंजिनात आहेत, आणि ते रस्टमध्ये नव्याने लिहिलेल्या रस्टीबझ या संचातही आहेत. तो संच शुद्ध रस्टचा असल्याने त्याला सी कंपायलर लागत नाही. कार्गो चालला की तो सरळ येतो. रेडॉक्सच्या जेरेमी सोलर यांनीच 2022 मध्ये सिस्टिम-76 या कंपनीत काम करताना कॉस्मिक-टेक्स्ट हा संच लिहिला. मजकुराची मांडणी करणारा तो संच अक्षरे जोडायला रस्टीबझ वापरत असे. लिनक्सवरच्या वापरासाठी लिहिलेला तोच कोड हौशी सिस्टिमलाही मिळतो.

फॉन्टसाठी फार लांब जायला नको. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेल्या लोहित कुटुंबातल्या देवनागरी फॉन्टची मुळे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकमध्ये आहेत, आणि 2011 पासून तो मुक्त फॉन्टांच्या परवान्याखाली कोणालाही वापरता, बदलता येतो. इंजिन, फॉन्ट आणि ‘पांढुर्णा जिल्हा’ हे दोन शब्द एवढे घेऊन नव्या सिस्टिमवर चाचणी करावी. रफार जागेवर बसला, वेलांटी आधी आली आणि ल्हा जुळला, तर खालची फाइल सिस्टिम, कुलपे, घड्याळ, नेटवर्क आणि कार्गो हे सगळे आपापले काम करत आहेत असे समजायला हरकत नाही.